चेर्नोबिल : दूध, मौन आणि मोजदाद

भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष प्रथम नावाकडे जाते. युक्रेनी भाषेत ‘चोर्नोबिल’ हे एका कडवट रानवनस्पतीचे नाव आहे. चैत्रात आपल्याकडे जोतिबाला जो दवणा वाहतात, तो आणि ही वनस्पती एकाच आर्टिमिसिया कुळातल्या. वनस्पतीवरून एका जुन्या गावाला नाव मिळाले आणि गावावरून अणुवीज केंद्राला. २६ एप्रिल १९८६च्या अपघातानंतर अनेक श्रद्धावंतांना बायबलच्या शेवटच्या पुस्तकातला एक तारा आठवला. तो आकाशातून कोसळतो, नद्यांचे पाणी कडू होते आणि ते पिऊन माणसे मरतात. मराठी बायबलमध्ये त्या ताऱ्याचे नाव ‘कडूदवणा’ असेच आले आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला असे प्रतीक आयते हाती आले की मोह होतो. परंतु या प्रतीकात एक धोका आहे. भविष्यवाणी मानली की घटना अटळ ठरते आणि अटळ गोष्टीची जबाबदारी कोणावरच राहत नाही. चेर्नोबिलच्या आरोग्यविषयक इतिहासात मात्र बरेचसे टाळता येण्याजोगे होते. त्यातले सर्वांत निश्चितपणे सिद्ध झालेले व्यापक नुकसान ताऱ्यातून नव्हे, तर दुधाच्या पेल्यातून आले. म्हणून या लेखात तारा बाजूला ठेवून तो पेलाच हाती घेऊ.

त्या रात्री चौथ्या अणुभट्टीवर एक चाचणी चालू होती. बाहेरचा वीजपुरवठा अचानक तुटला, तर केवळ गतीमुळे फिरत राहिलेल्या टर्बाइनमधून डिझेल जनित्रे सुरू होईपर्यंत पंपांना पुरेशी वीज मिळेल का, हे पाहायचे होते. चाचणी सुरक्षिततेसाठीच होती, हा त्यातला दैवदुर्विलास. या प्रकारच्या भट्टीत शक्ती फार खाली आणली की पाण्याची वाफ होताच साखळी प्रक्रिया मंदावण्याऐवजी वाढे. शिवाय नियंत्रक दांड्यांची खालची टोके ग्रॅफाइटची असल्याने दांडे आत सरकू लागताच पहिल्या काही क्षणांत त्यांचा परिणाम उलटा होऊ शकत होता. रात्री एक वाजून तेवीस मिनिटांनी नेमके तेच झाले. स्फोटाने छत उडाले. भट्टीभोवती भक्कम बंदिस्त कवच नव्हतेच. पुढचे सुमारे दहा दिवस किरणोत्सारी द्रव्ये हवेत मिसळत राहिली. ऑगस्ट १९८६मध्ये व्हिएन्ना येथे सोव्हिएत शिष्टमंडळाने सारा भर चालकांच्या चुकांवर दिला. रचनेतील दोषांना त्यांचे योग्य स्थान मिळाले ते १९९२च्या आंतरराष्ट्रीय पुनर्विचारात. म्हणजे अपघाताच्या कारणाचा इतिहाससुद्धा सहा वर्षांनी पुन्हा लिहावा लागला.

आता पुढच्या दिवसांचा क्रम पाहू. केंद्रापासून जेमतेम तीन किलोमीटरवर प्रिप्यात हे सुमारे ४९,००० वस्तीचे नवे शहर होते. २६ एप्रिल हा शनिवार. मुले नेहमीप्रमाणे शाळेत गेली. शहर रिकामे केले गेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी, सुमारे छत्तीस तासांनी. तीन दिवसांत परत याल, असे रहिवाशांना सांगण्यात आले होते. सोमवारी, २८ एप्रिलला, सुमारे अकराशे किलोमीटर दूर स्वीडनमधील फोर्समार्क अणुकेंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांमुळे इशारायंत्र वाजले. स्वतःच्या केंद्रात गळती नाही हे स्वीडिश तज्ज्ञांनी तपासले, वाऱ्याची दिशा पाहिली आणि मॉस्कोला विचारणा केली. त्या रात्री सोव्हिएत दूरचित्रवाणीने काही वाक्यांची त्रोटक बातमी दिली. १ मे रोजी कीव्हच्या रस्त्यावर कामगार दिनाचे संचलन ठरल्याप्रमाणे झाले. त्यात लहान मुलेही होती. मिखाईल गोर्बाचेव्ह या विषयावर राष्ट्राशी बोलले ते १४ मे रोजी, अठराव्या दिवशी.

हे अठरा दिवस फार महत्त्वाचे आहेत. आयोडीन-१३१ या किरणोत्सारी समस्थानिकाचे अर्धायुष्य आठ दिवसांचे असते. म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मे उरते. गोर्बाचेव्ह पडद्यावर आले तोवर पहिल्या दिवशी बाहेर पडलेल्या आयोडीनपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक विरून गेले होते. जे नुकसान व्हायचे त्यातले बरेचसे होऊन गेले होते.

ते कसे झाले, हे समजून घेण्यासाठी बेलारूस आणि उत्तर युक्रेनमधल्या पोलेसिया या दलदलीच्या, गवताळ प्रदेशात जावे लागते. तेथील खेड्यांत घरोघरी एखादी गाय असे. एप्रिल अखेरीस गाईंना मोकळ्यावर चरायला सोडण्याचा हंगाम सुरू होतो. आयोडीन गवताच्या पात्यांवर बसले होते. गाय दिवसभरात मोठ्या क्षेत्रावरचे गवत खाते, आणि त्यावरचे आयोडीन तिच्या दुधात एकवटते. ते दूध मूल पिते. आयोडीन साठवून ठेवणे हे मानेतल्या अवटू ग्रंथीचे, म्हणजे थायरॉइडचे, कामच आहे. तिला किरणोत्सारी आणि साधे आयोडीन यांतला भेद कळत नाही. मुलाची ग्रंथी इवलीशी, पिण्यातले दूध मात्र मोठ्या माणसापेक्षा अधिक, म्हणून ग्रंथीच्या दर ग्रॅमला बसणारी मात्राही अधिक. त्यात पोलेसियातल्या माती-पाण्यात आयोडीन मुळातच कमी. भुकेल्या ग्रंथींनी मिळेल ते आयोडीन अधाशीपणाने ओढून घेतले. ज्या अन्नाला आई सर्वांत निर्धोक मानते, त्यानेच हे काम केले. त्या दुधाला वेगळी चव नव्हती, वास नव्हता, रंग नव्हता.

हे ज्ञान १९८६मध्ये नवे नव्हते. ऑक्टोबर १९५७मध्ये इंग्लंडमधील विंडस्केल येथे भट्टीला आग लागली, तेव्हा सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातले दूध काही आठवडे ओतून देण्यात आले होते. अर्थात मौन ही केवळ सोव्हिएत मक्तेदारी नव्हे, हेही इथेच नोंदवायला हवे. विंडस्केलच्या चौकशीचा संपूर्ण अहवाल ब्रिटिश पंतप्रधान मॅकमिलन यांनी तेव्हा प्रसिद्ध होऊ दिला नाही. त्याच वर्षी, सप्टेंबरात, उरल पर्वतातील मायाक येथे अणुकचऱ्याच्या टाकीचा स्फोट झाला. परागंदा जीवशास्त्रज्ञ झोरेस मेदवेदेव यांनी १९७६मध्ये लिहीपर्यंत बाहेरच्या जगात त्याची उघड चर्चाही झाली नव्हती. थोडक्यात, दूध थांबवावे आणि मुलांना साध्या आयोडीनची मात्रा देऊन ग्रंथी आधीच भरून टाकावी, हे दोन्ही उपाय माहीत होते. दोन्ही स्वस्त होते. मात्र ते काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत करायला हवे होते आणि त्यासाठी काहीतरी घडले आहे हे आधी कबूल करावे लागत होते.

पोलंडचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तो देशही सोव्हिएत गटातलाच. मॉस्कोने त्यालाही वेळेवर काही कळवले नव्हते. परंतु तेथील मोजणी केंद्रांना हवेतील वाढ दिसली आणि २९ एप्रिलपासून पोलंडने मुलांना आयोडीनचे द्रावण पाजायला सुरुवात केली. काही दिवसांत सुमारे एक कोटी पाच लाख मुलांना ते मिळाले. ताज्या दुधावर निर्बंध आले, लहानग्यांसाठी दुधाची भुकटी पुरवली गेली. पोलंडवर पडलेली धूळ गोमेलच्या मानाने पुष्कळच कमी होती, तेव्हा दोन्ही ठिकाणांची सरळ तुलना करता येणार नाही. तरीही त्याच आठवड्यात, त्याच राजकीय गटात काय शक्य होते, याचा हा पुरावा आहे. खुद्द प्रिप्यातमध्येही अनेकांना आयोडीनच्या गोळ्या मिळाल्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी ते तिथून बाहेर पडले होते. म्हणूनच भट्टीच्या सावलीत राहणाऱ्या प्रिप्यातच्या मुलांपेक्षा दूरच्या खेड्यांतल्या, कोणी काहीच न सांगितलेल्या मुलांच्या ग्रंथींवर बरेचदा अधिक मात्रा बसली.

पुढचा अध्याय वैद्यकाचा आहे आणि आम्हा साहित्याच्या शिक्षकांना तो पुराव्याच्या स्वरूपाविषयी बरेच काही शिकवतो. मुलांमध्ये थायरॉइडचा कर्करोग हा अत्यंत दुर्मीळ आजार. १९९०च्या सुमारास मिन्स्कमधल्या शल्यचिकित्सकांपुढे अशी मुले एकामागून एक येऊ लागली. त्यांत गोमेल प्रांतातली सर्वाधिक. १९९१मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने घडवून आणलेल्या मोठ्या पाहणीचा निष्कर्ष मात्र असा होता की, थेट किरणोत्सर्गामुळे झाला असे म्हणता येईल असा एकही आरोग्यदोष आढळला नाही. सप्टेंबर १९९२मध्ये काझाकोव्ह, देमिदचिक आणि अस्ताखोवा या बेलारूसच्या डॉक्टरांचे एक छोटेसे पत्र ‘नेचर’ या नियतकालिकात आले. त्यावर शंका घेतल्या गेल्या. हिरोशिमाच्या अनुभवावरून इतक्या लवकर रोग दिसेल असे वाटत नव्हते. तपासण्या वाढल्या म्हणून आकडे वाढले असतील, असेही म्हटले गेले. हे आक्षेप शास्त्रीय शिस्तीला धरून होते, परंतु डॉक्टर बरोबर होते. आज याबद्दल वाद उरलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीनुसार १९९१ ते २००५ या काळात, अपघातसमयी अठराच्या आत वय असलेल्यांमध्ये ६,८४८ जणांना हा कर्करोग झाल्याची नोंद आहे. २०१५पर्यंत हा आकडा एकोणीस हजारांच्या पुढे गेला. त्यातले सुमारे एक-चतुर्थांश थेट किरणोत्सर्गामुळे झाले असावेत, असा समितीचा अंदाज आहे. बाकीच्यांत वाढते वय आणि अधिक काटेकोर तपासणी यांचा वाटा आहे. सुदैवाने हा कर्करोग बहुधा बरा होतो. २००५पर्यंत त्याने दगावलेले रुग्ण पंधरा होते. उरलेल्यांच्या गळ्यावर शस्त्रक्रियेचा आडवा व्रण राहिला आणि रोजची गोळी आयुष्यभरासाठी मागे लागली. त्या व्रणाला लोकांनी ‘चेर्नोबिलचा हार’ म्हटले. लोकभाषेचे असे कडू विनोद सरकारी कागदांत सापडत नाहीत.

बाकीची मोजदाद इतकी स्पष्ट नाही. पहिल्या रात्रीचे दोन मृत्यू, तीव्र किरणोत्सर्ग-आजार झालेले १३४ कर्मचारी व अग्निशामक आणि त्यांपैकी त्याच वर्षी दगावलेले २८, एवढे निश्चित. नंतर सफाईसाठी सोव्हिएत संघाच्या कानाकोपऱ्यातून आणलेल्यांची अधिकृत संख्या सुमारे सहा लाख. छपरावर पडलेले ग्रॅफाइटचे तुकडे उचलताना यंत्रमानव बंद पडले, तेव्हा माणसे फावडी घेऊन वर गेली; एकेकाला मिनिट-दोन मिनिटांपुरतेच. २००५च्या ‘चेर्नोबिल फोरम’ने सर्वाधिक बाधित सहा लाखांत अखेरीस चार हजारांपर्यंत कर्करोगमृत्यू होतील असा अंदाज दिला. दूषित प्रदेशातली इतर वस्ती धरून जागतिक आरोग्य संघटनेने नऊ हजारांपर्यंतचा आकडा सांगितला. संपूर्ण युरोपसाठी २०६५पर्यंतचा दुसरा एक अंदाज सोळा हजारांचा आहे. त्याहून मोठे आणि अधिक वादग्रस्त आकडेही मांडले गेले आहेत. हे आकडे परस्परविरोधी वाटतात, पण त्यांतला फरक मुख्यतः कोणती माणसे मोजायची, किती वर्षे मोजायची आणि अगदी अल्प मात्रेचा परिणाम कसा धरायचा, यावरून पडतो. कोट्यवधी लोकांत एरवीही होणाऱ्या कर्करोगांत हे काही हजार वेगळे ओळखू येत नाहीत. अशा मृत्यूला चेहरा नसतो. तो फक्त गणितात असतो. म्हणून तो खोटा ठरत नाही, आणि एखाद्या विशिष्ट माणसाकडे बोट दाखवून तो सिद्धही करता येत नाही.

जमिनीचा हिशोब याहून लांबचा आहे. आयोडीन गेले, सिझियम-१३७ राहिले. त्याचे अर्धायुष्य तीस वर्षांचे. ते कुठे पडले हे पावसाने ठरवले. जिथे ढगाखाली सर कोसळली तिथे जमीन दूषित झाली. शेजारचे गाव कोरडे राहिले म्हणून वाचले. बेलारूसमध्ये तेव्हा एकही अणुवीज केंद्र नव्हते, तरी त्याच्या सुमारे २३ टक्के भूमीवर नोंद घेण्याइतके सिझियम पडले. भट्टीजवळचे पाइनचे जंगल करपून तांबडे झाले. त्याला ‘लाल जंगल’ हेच नाव पडले. नांगरलेल्या शेतात सिझियम मातीला चिकटून बसते, जंगलात मात्र ते पालापाचोळा, अळंबी, बोरवर्गीय फळे आणि रानडुकरे यांच्यातून फिरत राहते. म्हणून रानमेव्यावर जगणारा गरीब माणूस अधिक काळ बाधित राहिला. ब्रिटनच्या डोंगराळ भागातल्या मेंढ्यांवरचे शेवटचे निर्बंध उठले ते २०१२मध्ये, सव्वीस वर्षांनी.

माणसे निघून गेल्यावर तिथे प्राणी आले. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार बेलारूसच्या बाजूच्या निर्मनुष्य क्षेत्रात हरणे, एल्क, रानडुकरे इतर अभयारण्यांइतकीच आहेत आणि लांडगे सातपटीने अधिक. उलट मोलर आणि मूसो या संशोधकांनी अधिक किरणोत्सर्गाच्या ठिकाणी पक्षी व कीटक घटल्याचे दाखवले आहे. दोन्ही निरीक्षणे एकाच वेळी खरी असू शकतात, कारण लांडग्याला किरणोत्सर्गापेक्षा माणसाचा उपद्रव मोठा असतो. ‘निसर्गाने सारे सावरले’ असा सुखान्त मात्र त्यातून निघत नाही.

या कथेला मुंबईचाही एक धागा आहे आणि तोही दुधाचाच. ‘ऑपरेशन फ्लड’ योजनेखाली युरोपीय आर्थिक समुदायाकडून मदत म्हणून आलेले सुमारे २०० टन आयरिश बटर मुंबईत उतरले होते. चेर्नोबिलनंतरच्या युरोपातले हे बटर नागरिकांच्या दुधात मिसळू नये, म्हणून काही मुंबईकर उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीने बटर खाण्यास निर्धोक असल्याचे सांगितले आणि १९८८मध्ये याचिका फेटाळली गेली. मोजमापाच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच असावा. पण अर्जदारांच्या शंकेची मुळे कुठे होती? ज्या अपघाताची बातमीच दडवली गेली होती, त्याच्या बाबतीत ‘मर्यादेच्या आत’ या शब्दांवर कोणी विसंबावे तरी कसे? एकदा मौन उघडे पडले की नंतरचे खरे बोलणेही संशयास्पद होते.

ही विश्वासाची झीज हाही चेर्नोबिलचा एक आरोग्यपरिणाम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालांनी मानसिक त्रासाला या अपघातातून निर्माण झालेली सर्वांत मोठी सार्वजनिक आरोग्य-समस्या म्हटले आहे. तीन लाखांहून अधिक माणसे गावे सोडून गेली. त्यांच्या अनेक आजारांना ‘किरणोत्सर्गाची भीती’ असे नाव देऊन झटकले गेले, जणू भीती निराधार होती. भीतीची किंमत दूरच्या देशांनीही मोजली. ग्रीसमध्ये मात्रा नगण्य असूनही १९८६मध्ये अनेक स्त्रियांनी इच्छित गर्भ काढून टाकले, असे तेथील संशोधकांनी दुसऱ्याच वर्षी नोंदवले. २०२१मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात बाधित आईबापांच्या नंतर जन्मलेल्या १३० अपत्यांत नव्या जनुकीय बदलांचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. हे दिलासा देणारे उत्तर यायला पस्तीस वर्षे लागली.

इथे साहित्याचा प्रश्न उभा राहतो. पूर्व जर्मनीच्या क्रिस्ता वोल्फने १९८७मध्येच या घटनेवर कथात्म लेखन केले. बेलारूसच्या स्वेतलाना अलेक्सिएविचचे ‘चेर्नोबिलची प्रार्थना’ १९९७मध्ये आले. २०१५च्या नोबेल पारितोषिकानंतर ते जगभर वाचले गेले. या पुस्तकात स्वगतांसारख्या साक्षी आहेत. पहिली साक्ष एका अग्निशामकाच्या पत्नीची. तिचे बाळ जन्मल्यावर काही तासांतच गेले आणि बाळाने आईच्या वाट्याचा किरणोत्सर्ग स्वतःवर घेतला, अशी समजूत त्या साक्षीत आहे. वैद्यकशास्त्राला ती मान्य नाही. शिवाय लेखिकेने साक्षी आवृत्तीगणिक बदलल्या, असा आक्षेपही अभ्यासकांनी घेतला आहे. मग या पुस्तकाला इतिहास म्हणून किती मोल द्यायचे?

आमच्या मते उत्तर दोन्ही बाजूंनी सावधपणे द्यावे लागते. शोकाच्या वाक्याला निदान मानणे ही वाचनाची चूक आहे; पण निदान नाही म्हणून शोक फेटाळणे ही त्याहून मोठी चूक आहे. मिन्स्कच्या डॉक्टरांचे पत्रही प्रथम एक साक्षच होती. ‘आमच्यापुढे अशी मुले येत आहेत’, एवढेच तिचे म्हणणे. तिला आकड्यांचे पाठबळ नंतर मिळाले. साक्षीने प्रश्न निर्माण होतो, मोजणीने तो तपासला जातो. मौन पाळणारा दोन्हींच्या वाटेवर उभा असतो. झितोमीरच्या पत्रकार आल्ला यारोशिन्स्काया यांनी १९९२मध्ये उघड केलेली पॉलिटब्यूरोची गुप्त कागदपत्रे वाचली की हे ध्यानात येते. रुग्णालयांत भरती होणाऱ्यांचे आकडे मॉस्कोला नियमित कळवले जात होते. फक्त ज्यांचे ते आकडे होते त्या लोकांना ते सांगितले जात नव्हते.

भट्टीवर २०१६मध्ये नवे पोलादी आच्छादन सरकवण्यात आले. २०२२मध्ये रशियन फौजा काही आठवडे त्या क्षेत्रात तळ ठोकून होत्या, आणि १४ फेब्रुवारी २०२५ रोजी एका ड्रोनने ते आच्छादन फोडले. सिझियमची पहिली तीस वर्षे केव्हाच उलटली. म्हणजे अजून सुमारे चाळीस टक्के शिल्लक आहे. ते कोणालाही, केव्हाही जाऊन मोजता येते. आयोडीनचे तसे नाही. कोणत्या मुलाच्या ग्रंथीत ते किती गेले, हे गळ्याशी यंत्र धरून मे-जून १९८६मध्येच पाहता येत होते. काही लाख लोकांची अशी मोजणी झालीही. ज्यांची राहिली त्यांची ती पुढे कधीच होऊ शकली नाही, कारण जुलै सरेपर्यंत पुरावाच नाहीसा झाला होता. त्यांच्या बाबतीत संशोधकांना आता एकच मार्ग उरला आहे. ते आयांना विचारतात, त्या वसंतात तुमचे मूल रोज किती दूध पीत होते? आणि त्या आठवून सांगतात.